गुलाबी फेट्याचा सूड

१२ मे १९३२, गुरुवार

आज भर वरातीत माझा इन्सल्ट झाला. सविस्तर लिहून ठेवतो. सूड घेताना मुद्दे तयार पाहिजेत.

माझा साडू कोंडीबा, म्हणजे माझ्या बायकोच्या, अंबूच्या थोरल्या बहिणीचा नवरा. भुसाराचा आडत्या. शिक्षण चौथी नापास, घड्याळाची साखळी सोन्याची. त्याच्या मुलाचं आज लग्न. मांडवात मला पुढे बोलावून मानाचा फेटा बांधला. रंग गुलाबी. वर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ह्यो फेटा आमच्या पाव्हण्यासाठी मुद्दाम राखून ठिवलाय."

वरात चार वाजता निघाली. सोलापूरचं ऊन. मला घाम सुटला आणि फेट्याचा रंगही सुटला. आधी कपाळ, मग कान, मग पांढऱ्या कोटाची कॉलर. माणिक चौकात पोचेपर्यंत मी गळ्यापर्यंत गुलाबी. रुमालाने पुसलं तर जे कोरडं राहिलं होतं तेही रंगलं. बँडमधला क्लॅरिनेटवाला हसायला लागला आणि गाणं मध्येच बंद पडलं. लोक नवरदेवाला सोडून मला पाहत होते.

राखून ठेवला होता म्हणे! माझं हसं करण्यासाठीच राखला होता.

१३ मे

दगडाने घासलं. कान अजून गुलाबी.

गिरणीत बातमी माझ्याआधी पोचली होती. मी कापडाच्या घडी खात्याचा हेड क्लार्क. माझ्या हाताखालून रोज शेकडो पीस जातात. आज खात्यातले लोक मला पाठीमागे "गुलाबी साहेब" म्हणत होते. कोण म्हणालं ते कळलं नाही, म्हणून सगळ्यांनाच उशिराचा शेरा मारला.

१५ मे, रविवार

फेट्याची तपासणी केली. सोळा वर्षं कापड हाताळतोय, माझ्या बोटांना डोळे आहेत. मलमल हलकी, रंग कच्चा, हे हात लावताच सांगितलं. (अंबू म्हणाली, ते तर अख्ख्या वरातीला कळलं होतं.) पण आतल्या कोपऱ्यावर जे सापडलं ते मात्र फक्त माझ्यासारख्यालाच कळणार. निळ्या पक्क्या शाईची फुली!

म्हणजे सेकंड माल. दोष असलेल्या पीसवर आमच्या गिरणीत मी स्वतः अशीच फुली मारतो आणि तो माल गिरणीतल्याच लोकांना स्वस्तात मिळतो. दुसऱ्या गिरण्यांतही हीच पद्धत दिसते. कोंडीबाने जाणूनबुजून सेकंड माल माझ्या डोक्याला गुंडाळला, हे सिद्ध झालं.

फुलीचा कोपरा कापून पाकिटात ठेवला. पाकिटावर लिहिलं: "पुरावा. आरोपी: कोंडीबा." उरलेला फेटा कंदिलाच्या काचा पुसायला दिला.

आणि मी? त्याच्या वास्तुशांतीला तीन वर्षांपूर्वी किती झोकात आहेर नेला होता! तोही फेटाच. त्याची त्याने कधी आठवणसुद्धा काढली नाही. जुन्या डायऱ्यांत त्याचे सगळे गुन्हे तारीखवार असणार. पण डायऱ्यांची ट्रंक ज्वारीच्या पोत्यांखाली आहे. पुढच्या रविवारी काढू.

प्रतिज्ञा: कोंडीबाचा सूड घेतल्याशिवाय डोक्याला फेटा बांधणार नाही.

२९ मे

ट्रंक काढली नाही. कंबर धरली आहे.

प्लॅन नंबर एक. डाव्या हाताने निनावी पत्र लिहिलं. "तुझी श्रीमंती कापडापुरती आहे, सावध रहा. एक हितचिंतक." टपालात टाकलं.

१ जून

संध्याकाळी कोंडीबा स्वतः घरी आला. पत्र घेऊन. चष्मा फुटलाय, दुकानातल्या मुनिमाला दाखवायला नको, आपल्या माणसाकडून वाचून घ्यावं म्हणून आलो, म्हणाला. मीच लिहिलेलं पत्र मलाच मोठ्याने वाचावं लागलं. "श्रीमंती कापडापुरती" या ठिकाणी मी "श्रीमंती वाढो" असं वाचलं. तो खूश झाला. हितचिंतक कोण असेल म्हणून दोघांनी बराच वेळ विचार केला. जाताना शेंगांची पिशवी ठेवून गेला.

शेंगा खाल्ल्या. तत्त्व वेगळं आणि शेंगा वेगळ्या.

११ सप्टेंबर १९३२

प्लॅन नंबर दोन, गणेशोत्सवात व्याख्यान. विषय मी सुचवला: "ऐषाराम आणि समाजाचा ऱ्हास". कोंडीबाला पहिल्या रांगेत बसवण्याची व्यवस्था केली. नाव न घेता सोन्याच्या साखळीवर पाच मिनिटं बोललो. माणसाची किंमत कापडावर ठरते, लग्नात आधी पदर चाचपतात आणि मग पोरगी बघतात, रेशमापायी घरं बुडतात, असे मुद्दे एकामागून एक मारले. लोक गंभीर झाले होते.

कोंडीबाने सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. मग उठून व्यासपीठावर आला आणि स्वतःच्या अंगावरची रेशमी शाल काढून माझ्या खांद्यावर घातली. लोकांनी दुप्पट टाळ्या वाजवल्या.

परत करणं सभ्यपणाला धरून नव्हतं. शाल अस्सल आहे, बोटांनी सांगितलं. थंडीत वापरीन. त्याचीच शाल वापरून त्याचाच सूड घेण्यात एक वेगळी मजा आहे.

२० नोव्हेंबर

आमच्या वच्छलाचं लग्न ठरलं. मुलगा भीमराव, मैंदर्गीच्या शाळेत मास्तर. निर्व्यसनी. मुलगी पाहायला आले तेव्हा तो पुस्तकांबद्दल बोलत होता. त्याची आई सोजरबाई मात्र आमच्या पडद्यांचं कापड पाहत होती. विधवा बाई, कडक. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलते. एकच अट घातली: हुंडा नको, पण तिला इरकली गर्भरेशमी लुगडं पाहिजे, अस्सल. "नाकं मुरडायला आमच्या वाड्यातल्या बायका टपल्यात, व्याही. नकली आलं तर पोरीला माझ्या दारात जागा न्हाई बघा."

वच्छला आत होती. नंतर म्हणाली, आबा, मला सुती घ्या, चालेल, पण त्यांचं तेवढं नीट करा. मला तिथं जन्म काढायचाय.

मी म्हटलं, तुझा बाप कापडातला माणूस आहे.

१६ जानेवारी १९३३

गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या संक्रांतीच्या जत्रेला गेलो होतो. यंदा जिकडेतिकडे जपानी नकली रेशीम. गिरणीतल्या बायाही तेच नेसून पाळण्यात बसल्या होत्या. लांबून राणी आणि जवळून गिरणी. गरिबालाही श्रीमंत दिसता येतं, म्हणजे समाज पुढे चाललाय की मागे, यावर एक लेख लिहायचा आहे. वेळ मिळाला की लिहू.

एक बाई आमच्या खात्यातली निघाली. मला पाहून पदर झाकून घेतला. म्हणाली, धुतलं की जातंय साहेब, पण जत्रेपुरतं लई झकास दिसतं.

धुतलं की जातंय!

तिथेच, जत्रेत, भज्यांच्या दुकानापाशी, मला प्लॅन सुचला. फायनल.

१७ जानेवारी

प्लॅन असा. लग्नात दोन लुगडी. रंग तोच अंजिरी, काठ तेच. एक अस्सल, विहीणबाईला. दुसरं नकली, कोंडीबाच्या बायकोला, सोनाअक्काला. ती मिरवणार, चार बायकांना दाखवणार. मग पहिल्या धुण्यात रंग जाणार, जर काळी पडणार, आणि आडत्याच्या बायकोची अब्रू नदीवर धुतली जाणार. माझे कान गुलाबी झाले, तिचे हात अंजिरी होतील. बरोबरीचा सूड.

(सोनाअक्काने माझं काही वाईट केलेलं नाही, हे मान्य. पण सूडात एवढं बारीक बघून चालत नाही.)

अंबूला सांगायचं नाही. तिची सख्खी बहीण आहे, उगाच भावनेत जाईल.

५ फेब्रुवारी

साखर पेठेत सिद्धप्पाकडे गेलो. माग उत्तम, विणकर जुना. दोन्ही लुगडी एकाच हातची असावीत म्हणून त्याला हळूच म्हटलं, एक अस्सल कर आणि दुसऱ्यात जपानी सूत आणि खोटी जर घाल. तो मागावरून उठलाच. "साहेब, माझ्या मागावर खोटं चढणार न्हाई की. बाप बसला ह्या मागाच्या खड्ड्यात, मी बसलो. खोटं विणलं तर हात कशाला ठेवायचं?"

मी म्हटलं, तुझी बायको निंगव्वा ठिगळाचं नेसते आणि तू रेशमाच्या गोष्टी सांगतोस. तो म्हणाला, ठिगळ खरं हाय साहेब, फाटलं म्हणून लावलंय.

अडाणी माणसाशी वाद नको म्हणून एकच लुगडं सांगितलं.

२६ मार्च

सिद्धप्पाचं लुगडं आलं. अंजिरी, मऊ, हातात घेतलं तर वजनच नाही. थोडं निस्तेज वाटलं. विणकरानं रेशीम वाचवलं की काय? पण बघू.

ते घेऊन बाजारात एका दुकानात गेलो आणि हुबेहूब जपानी जोड शोधून काढला. तीन तास लागले. रंग तोच, काठ जवळजवळ तेच. उलट हे जास्त चमकतं, जास्त जड आहे. खोटं असूनही काय खानदानी दिसतं!

दुकानाबाहेर जुनी जर विकत घेणारा नबीसाब बसतो. जुने काठ जाळून चांदी काढतो. दोन्ही बघून म्हणाला, साब, घोटाला होईल, टोकाचा एकेक धागा जलाव. केस जळल्यासारखा वास आला तो असल, कागद जळल्यासारखा आला तो नकली. मी त्याला सांगितलं, नबीसाब, मला जाळपोळीची गरज नाही, माझ्या बोटांना डोळे आहेत.

तो सलाम करून परत जुने काठ निवडू लागला. मनात जळला असेल.

२३ एप्रिल

अडचण. वधूपित्याला फेटा बांधावा लागतो आणि माझी प्रतिज्ञा आहे. तोडगा काढला. सोला टोपी विकत घेतली. साहेबी, पांढरी, आतून हिरवी. साधेपणावर व्याख्यान दिलेल्या माणसाने ती घ्यावी का, असा प्रश्न मनात आला होता. पण ही चैन नाही, तत्त्वासाठी केलेला खर्च आहे. त्याच तत्त्वासाठी अल्पाकाचा कोटही शिवायला टाकला.

३ मे, सकाळी

उद्या लग्न. आहेराच्या घड्या लावायला बसलो तर एका लुगड्याला अंबूने पिवळा दोरा बांधून ठेवलेला दिसला. म्हणाली, एकसारखी दोन का आणली ते तुम्हीच जाणा, पण हे विहीणबाईचं, घोळ नको. मला ते आवडलं नाही. दोऱ्याने बिंग फुटायचं. शिवाय बायकांनी नीट पाहून बांधला असेल कशावरून? वाढणं, रांधणं, त्यात लक्ष कुठे असतं.

दोरा काढला. दोन्ही लुगडी अंथरली. डोळे मिटले आणि हात फिरवला. एक जड, भरीव, थंड. एक हलकं, मऊ, पोरकट. शंकेला जागाच नाही, मार्चची नोंद चाळायचीही गरज नाही. जड ते अस्सल. म्हणजे अंबूने दोरा चुकीच्या लुगड्याला बांधला होता! मी नसतो तर केवढा अनर्थ झाला असता.

जड लुगडं विहीणबाईच्या ताटात, हलकं सोनाअक्काच्या ताटात ठेवलं. अंबू म्हणाली, दोरा मी बांधला होता तो... मी म्हटलं, सोळा वर्षं.

४ मे १९३३

लग्न पार पडलं. सोला टोपीबद्दल लोकांच्या समजुतीचा जरा घोटाळा झाला. मैंदर्गीची काही मुलं "देवीवाला आला, टोचणार" म्हणून मांडवातून पळाली आणि दोन बायांनी तान्ही पोरं पदराखाली दडवली. (देवीची लस टोचणारा साहेब तिकडे अशीच टोपी घालून येतो म्हणे.) भटजी मला वधूपिता समजायला तयार नव्हते. तेवढं सोडलं तर थाटात.

सोजरबाईने लुगड्यावरून हात फिरवला, उन्हात धरलं आणि म्हणाली, "चमक चांगली हाय." तिच्या बायकांनीही चाचपून पाहिलं. वच्छलाने सुटकेचा निःश्वास सोडलेला मी पाहिला.

आणि सोनाअक्का! लुगडं हातात घेतलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, पाव्हणं, एवढं भारी कशाला केलंत? मी म्हटलं, तुमचा मानच तेवढा आहे. हे बोलताना मला जो आनंद झाला तो लिहिता येत नाही. कोंडीबा पलीकडे बसून कौतुकाने मान हलवत होता. हलव, बाबा, हलव.

आज फेटा बांधायला हरकत नव्हती. पण रंग जायचा बाकी आहे. आणखी थोडे दिवस.

४ जून

अंबूला सहज विचारलं, अक्काने लुगडं धुतलं का. नाही म्हणाली.

११ जून

पुन्हा सहज विचारलं. अंबूने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

२५ जून

अक्काने धुतलं! आज सकाळीच. मी धावतपळत त्यांच्या घरी गेलो, चहाचं निमित्त काढून. दोरीवर वाळत होतं. अंजिरीच्या अंजिरी. जर झगझगीत. धुतल्याने उलट उजळलं होतं. सोनाअक्का म्हणाली, काय कापड हाय पाव्हणं, धुवावं तसं खुलतंय.

कारण शोधून काढलं. त्यांच्या विहिरीचं पाणी मऊ आहे. शिवाय तिने रिठे वापरले. नकली रेशीम एखाद्या वेळी दुसऱ्या धुण्यालाही दाद देत नाही. धीर धरणं आलं.

२६ जुलै १९३३

उद्या पंचमी. वच्छला माहेरपणाला आली. बरोबर भीमराव आला नाही, त्याचा चुलतभाऊ आला आणि पाणी न पिता परत गेला. वच्छलाच्या ट्रंकेत वरच तिच्या सासूचं लुगडं होतं.

अंजिरी रंग निम्मा गेलेला. जर काळी पडलेली. पदर बोटांत धरला तर ओल्या कागदासारखा फाटला.

सोजरबाईचा निरोप वच्छलाने सांगितला, खाली बघून, एका सुरात. "तुझ्या बापानं बायकांच्या घोळक्यात माझं नाक कापलं. विहिरीवर सगळ्यांनी बघितलं. आता पंचमीला जा आणि बोलावणं आल्याबिगर येऊ नको." भीमराव आईसमोर बोलला का, असं अंबूने विचारलं. बोलले, पण आईंनी जेवण सोडलं, मग गप्प बसले, म्हणाली.

गल्लीतल्या बायका तिला झोक्यावर बोलवायला आल्या. गेली नाही.

मी ताबडतोब ओळखलं. सिद्धप्पाने फसवलं.

२७ जुलै

पंचमीची सुट्टी. दोन्ही घरच्या कापडाच्या चिंध्या हातात घेऊन सिद्धप्पाकडे गेलो. (सोनाअक्काच्या पदराच्या टोकाचे दशांचे धागे अंबूने मला मागून आणून दिले.) सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं त्याला बोललो. तो मग मागावरून उठला, चुलीतली काडी आणली आणि माझ्यासमोर दोन्ही धागे जाळले.

सोजरबाईच्या लुगड्याचा कागदासारखा जळला. सोनाअक्काचा केसासारखा.

"माझं हे हाय साहेब," तो म्हणाला. आणि परत मागावर बसला.

चुलीच्या धुराने वासात फरक पडला असण्याची शक्यता आहे.

२८ जुलै

शक्यता नाही.

घरी येऊन अंबूला सगळं सांगावं लागलं. पिवळा दोरा, जत्रा, प्लॅन, सगळं. ती पोळ्या लाटत होती. शेवटची पोळी भाजून झाल्यावर म्हणाली, माझ्या सख्ख्या बहिणीला? आणि त्यापायी माझ्या लेकीला? तेव्हापासून बोलत नाही. वच्छला बोलते, पण फक्त "जेवायला वाढू का" एवढंच.

कोणाला काय सांगायचं याचा एक चांगला प्लॅन डोक्यात येतोय.

३० जुलै

प्लॅन आला नाही.

६ ऑगस्ट १९३३, रविवार

अंबू आठवडाभर अक्काकडे जात होती. आज दुपारी कोंडीबाची मोटार दारात आली. सोनाअक्का उतरली. कोंडीबा बाहेरच मोटारीत बसून राहिला. तो ड्रायव्हरशी टायरबद्दल बोलत होता, पण मला वाटलं मुद्दामच आत आला नाही.

दोघं मैंदर्गीहूनच परत येत होते. सोनाअक्का तिचं अंजिरी लुगडं सोजरबाईच्या मांडीवर ठेवून आली होती. तिथल्या चार बायका बोलावून घेऊन, त्यांच्यासमोर म्हणाली होती, "लग्नाच्या गडबडीत घड्या बदलल्या बघा. तुमचं माझ्याकडं आलं. ते नकली माझं, मीच बाजारातनं स्वस्तात घेतलं व्हतं." बायका हसल्या म्हणे. आडत्याची बायको आणि नकली नेसते! सोजरबाईने लुगड्याचा धागा जाळून पाहिला आणि मग बोलावणं धाडलं. वच्छलाने चौदा तारखेच्या सोमवारी यावं.

वच्छला मावशीच्या पाया पडली आणि आत जाऊन रडली. आवाज मोठा होता.

मला आभार मानायचे होते. पण सोनाअक्काने आधीच विचारलं. सरळ, न रागावता. "पाव्हणं, अंबूनं मला समदं सांगितलं. मला एवढंच सांगा, आमचं काय चुकलं व्हतं?"

या क्षणासाठी मी सव्वा वर्ष थांबलो होतो. वरात सांगितली, कान सांगितले, गुलाबी साहेब सांगितलं. मग कपाटातून पाकीट आणलं आणि फुलीची चिंधी तिच्यासमोर ठेवली. म्हटलं, हा पुरावा. सेकंड माल!

तिने चिंधी हातात घेतली. उलटसुलट करून पाहिली. "ह्यो फेटा तुमचाच की, पाव्हणं. आमच्या वास्तुशांतीला तुमीच आणला व्हता. मालकांनी तवा बांधलाच न्हाई. म्हणलं, कापडातल्या माणसानं दिल्यालं कापड हाय, असंतसं न्हाई वापरायचं. कापूर घालून पेटीत ठिवला. पोराच्या लग्नात म्हणलं, हे ज्येचं त्येच्याच डोक्याला शोभंल."

मी म्हटलं, अक्का, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी दिलेला फेटा अव्वल होता. माझ्या डायऱ्यांत नोंद आहे.

ती म्हणाली, असंल. आणि गेली.

१३ ऑगस्ट १९३३, रविवार

ज्वारीची पोती उतरवली. कंबर दुखली नाही.

१९२९ सालच्या डायरीत सापडलं. माझंच अक्षर. "२० मे. साडूच्या वास्तुशांतीला फेटा नेला. आपल्याच खात्यातला सेकंड पीस. रंगाऱ्याकडून कच्चा गुलाबी रंग चढवून घेतला. पक्क्या रंगाचा खर्च कोण करतो! दिसायला झकास. अंबूला भारी म्हणून सांगितलं. आडत्याला कापडातलं काय कळतंय!"

पुढे उद्गारचिन्ह. खाली रेघ मारलेली.

पाकिटातली चिंधी उजेडात नेली. फुलीचा डावा पाय लांब आहे आणि खाली आकडी आहे. माझी फुली तशीच असते.

अंबूने दारातून विचारलं, काय सापडलं का. पंधरा दिवसांत पहिल्यांदा बोलली. मी म्हटलं, काही नाही, जुने कागद. ती आत गेली.

उद्या सोमवार. वच्छलाला मैंदर्गीला पोचवायला कोंडीबा मोटार घेऊन येणार आहे. मघाशी त्याचा माणूस निरोप देऊन गेला. उन्हाचं पाव्हण्यांनी डोक्याला नीट बांधून यावं, आमचा तो गुलाबी फेटा असला तर तोच बांधावा, त्यो लई शोभतो म्हणून सांगितलंय.

तो फेटा कंदिलाच्या काचा पुसून संपला. सोला टोपी घालून मैंदर्गीला जाता येणार नाही, पोरं पळतील. पाकिटावरचं कोंडीबाचं नाव खोडलं. दुसरं नाव लिहायला दौत उघडली, टाक बुडवला, आणि मग टाक पुसून ठेवला.

उद्या त्याच्या शेजारी बोडक्या डोक्यानेच बसावं लागेल.